ही ट्यूब आजच्या पुळीसाठी नाही

पत्र

डॉक्टर ताई, मी २३ वर्षांची आहे. घर अकोल्याला, पण दोन वर्षं झाली, पुण्यात राहून राज्यसेवेचा अभ्यास करते. माझ्या दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर लाल पुळ्या येतात, काहींत पू असतो. कपाळावर हात फिरवला तर रव्यासारखे दाणे लागतात. दीड महिन्यापूर्वी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. ‘मीडियम पिंपल्स आहेत’ म्हणाले आणि एकच जेल दिलं. त्यात ॲडापॅलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड आहे. ‘रात्री लावा’ एवढंच सांगितलं. मी सढळ हाताने लावलं, पुळ्यांवर तर दोन-दोनदा. नवव्या दिवशी चेहरा भाजल्यासारखा झाला, नाकाजवळ सालपटं निघायला लागली, वर चार नवीन पुळ्या आल्या. घाबरून बंद केलं.

मग रूममेटने तिचं क्रीम दिलं. चार दिवसांत चेहरा गुळगुळीत! बारा दिवस लावलं, थांबवलं, आणि आठवड्याभरात आधीपेक्षा जास्त पुळ्या उठल्या. त्या ट्यूबवर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन लिहिलं आहे. रूममेट वर्षभर तेच लावते, तिचा चेहरा छान उजळ आहे, फक्त उन्हात गेली की लालबुंद होते.

आता पहिलं जेल परत सुरू करावं म्हणून मेडिकलमध्ये गेले तर त्यांनी वेगळ्याच नावाची ट्यूब दिली. ‘तेच आहे’ म्हणाले. त्यावर ॲडापॅलीन आणि क्लिंडामायसिन लिहिलं आहे. अमेरिकेतली मामेबहीण म्हणते, तिकडे हे दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, आणि आता तर तीन औषधांचं एक जेल आलं आहे. तीन महिन्यांनी दादाचं लग्न आहे. मी काय लावू? आणि हे जन्मभर लावत बसावं लागणार का? (नाव छापू नका.)

उत्तर

प्रिय मुली,

तुझ्या पत्रात मला तीन ट्यूब दिसतात. पहिली बरोबर होती, लावण्यात चूक झाली. दुसरी तुझ्यासाठी नव्हतीच. तिसरी पहिलीसारखी वाटते, पण पहिली नाही. आणि पहिल्या ट्यूबच्या बाबतीत जे झालं त्याचा दोष मी तुला देणार नाही. ‘रात्री लावा’ ही काही पुरती सूचना झाली नाही.

हे मी दुसऱ्या डॉक्टरांकडे बोट दाखवायला म्हणत नाही. माझ्या प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी एकोणीस वर्षांची एक मुलगी आली होती, साधारण तुझ्यासारखेच पिंपल्स. बाहेर बाकांवर गर्दी होती. मी चिठ्ठीवर जेलचं नाव लिहिलं, पुढे ‘रात्री’ लिहिलं आणि घंटी वाजवली. सात-आठ महिन्यांनी ती परत आली तेव्हा तिला ओळखायला मला वेळ लागला. गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आतल्या लाल शिरा दिसत होत्या, कानशिलाजवळ लव वाढली होती. माझं जेल तिने पाचव्या दिवशी सोडलं होतं, कारण आग होत होती. मग कुणीतरी एक क्रीम सुचवलं आणि त्याने ‘फरक पडला’. तो चेहरा मी विसरू शकले नाही. त्या दिवसापासून मी ट्यूब उघडून पेशंटच्या बोटावर जेल काढून दाखवल्याशिवाय कुणाला उठू देत नाही. तुला समोर बसवता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी पुळी होते कशी ते बघू, कारण ते कळलं की लावायचं कसं ते आपोआप कळतं.

चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक छिद्राच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना हार्मोन्समुळे ती जास्त तेल करू लागते. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी सुटणाऱ्या मेलेल्या पेशी नीट गळून पडत नाहीत, एकमेकींना चिकटतात आणि तिथे बूच बसतं. मोरीची जाळी केसांनी तुंबली की पाणी मागे साचत जातं, तसं तेल आत साचतं. तुझ्या कपाळावरचे रव्यासारखे दाणे म्हणजे ही तुंबलेली छिद्रं. साचलेल्या तेलावर एक जिवाणू पोसला जातो. तो तुझ्या-माझ्या सगळ्यांच्याच त्वचेवर असतो, एरवी निमूट राहतो, तेल मिळालं की माजतो. मग शरीर त्याच्याशी झुंजायला उठतं आणि लाली, सूज, पू असं सगळं दिसायला लागतं.

आता यातली खरी गोष्ट लक्षात घे. आज सकाळी आरशात जी पुळी दिसली, तिचं बूच कित्येक आठवड्यांपूर्वी बसलेलं आहे. म्हणजे आत्ता, तुला जिथे गाल अगदी साफ वाटतो, तिथेही पुढच्या महिन्याच्या पुळ्या तयार होत आहेत. तुझं जेल त्या पुळ्यांसाठी आहे, आजच्या पुळीसाठी नाही. म्हणून ते पुळीवर ठिपका देऊन लावायचं नसतं, पुळ्यांवर दोनदा तर मुळीच नाही. जिथे जिथे पुळ्या येतात त्या सगळ्या भागावर, साफ दिसणाऱ्या जागेवरसुद्धा, एकच पातळ हात फिरवायचा. आणि म्हणूनच त्याचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. नऊ दिवसांत ते हरलं असं आपण म्हणूच शकत नाही.

मग त्यात दोन औषधं कशाला? कारण एक औषध एकाच ठिकाणी काम करतं. ॲडापॅलीन छिद्राच्या तोंडाशी काम करतं. पेशी चिकटू देत नाही, बूच सुटं करतं, नवं बसू देत नाही आणि थोडी सूजही उतरवतं. बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणूवर तुटून पडतं. ते त्वचेत गेल्यावर ऑक्सिजन सोडतं आणि बिनहवेच्या छिद्रात राहणाऱ्या त्या जिवाणूला तो सोसत नाही. बरं, इतकी वर्षं वापरात असूनही जिवाणूंना या औषधाची सवय झालेली नाही. अँटिबायोटिकचं तसं नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

या दोघांची जोडी जमवायलाही कारण आहे. बेन्झॉइल पेरॉक्साइड भलतं तापट रसायन. ॲडापॅलीनचंच जुनं भावंड म्हणजे ट्रेटिनॉइन. नेहमीच्या ट्रेटिनॉइनशी ते एकत्र आलं की त्याला मोडून टाकतं, म्हणून आम्ही पूर्वी एक सकाळी आणि एक रात्री असं वेगवेगळं लावायला सांगायचो. आणि पेशंट, साहजिकच, त्यातलं एक हमखास विसरायचे. ॲडापॅलीन मात्र त्याच्यासोबत टिकतं. म्हणून ही दोन औषधं एका ट्यूबमध्ये घालता आली. तुझ्या ट्यूबवर बहुतेक ०.१ टक्के आणि २.५ टक्के असे आकडे असतील. २.५ बघून ‘हे कमी आहे, ५ किंवा १० टक्क्यांचं आणते’ असं करू नकोस. पुळ्या कमी करण्यात २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड १० टक्क्यांच्या तोडीचंच आहे, जास्त टक्क्यांनी वाढते ती फक्त आग.

आता लावायचं कसं. आधी आठ दिवस काहीच औषध लावू नकोस. सकाळ-संध्याकाळ साध्या, सौम्य फेसवॉशने तोंड धू आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर लाव. चुरचुर पूर्ण थांबली, पाणी लागल्यावर झोंबत नाही असं झालं की मग जेल. डॉक्टरांना एक फोन करून सांग की असं असं झालं, परत हळूहळू सुरू करते आहे.

सुरू करायचं ते एक दिवसाआडही नाही, पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री. सोसलं तर पुढचे दोन आठवडे एक रात्र सोडून एक. मग रोज. संध्याकाळी तोंड धुतल्यावर टिपून घे आणि पंधरा-वीस मिनिटं पुस्तक वाच. ओल्या त्वचेवर हे जेल जास्त झोंबतं. मग नाकाच्या पाळ्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या कडा इथे बोटभर व्हॅसलीन. सालपटं तिथूनच निघाली ना? जेल तिथे ओघळून साचतं. मग हलकं मॉइश्चरायझर. त्यानंतर तर्जनीच्या टोकावर जेल काढ, सोललेल्या एका मटाराच्या दाण्याएवढं. अख्ख्या चेहऱ्याला एवढंच. त्याचे पाच ठिपके दे, कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी, आणि पसरव. नीट पसरलं तर चेहऱ्यावर काही लावलंय असं दिसतसुद्धा नाही. पांढरा थर दिसला तर जास्त झालं. आग वाटली तर वरून पुन्हा मॉइश्चरायझर लावलंस तरी चालेल, त्याने औषधाचा गुण जात नाही.

एवढं करूनही पहिल्या दोन-चार आठवड्यांत थोडा कोरडेपणा, थोडी लाली आणि काही नव्या पुळ्या येतील. तुला आलेल्या त्या चार पुळ्या याच असाव्यात. आत दबून बसलेली बुचं सुटी होऊन वर येतात, एवढंच. मात्र खूप खाज सुटली, पापण्या किंवा ओठ सुजले, पाणी झिरपायला लागलं, तर ती आग नव्हे, ती ॲलर्जी. मग एक दिवसही न थांबता जेल बंद करून डॉक्टरांकडे जायचं. श्वास लागला किंवा घसा आवळल्यासारखा वाटला तर थेट हॉस्पिटल.

अजून एक अगदी घरगुती गोष्ट, जी चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइड कपड्याचा रंग उडवतं. माझ्याकडे आया येतात आणि मुलीच्या उशीचा जांभळा अभ्रा दाखवतात, त्यावर गालाच्या आकाराचा फिकट केशरी डाग पडलेला. त्यांना वाटतं औषध इतकं जहाल असेल तर चेहऱ्याचं काय होत असेल! चेहऱ्याचं तसं काही होत नाही, कापडाचा रंग आणि त्वचेचा रंग या वेगळ्या गोष्टी. पण अभ्रा पांढरा घाल, टॉवेल पांढरा ठेव. आणि तू पुण्यात गाडीवर फिरतेस म्हणजे तोंडाला स्कार्फ बांधत असणारच. सकाळी तोंड धुऊनच तो बांध, नाहीतर त्याचाही रंग जाईल. तो स्कार्फ किती दिवसांनी धुतेस? घाम, धूळ आणि घासणं तिन्ही त्याच्यातून तुझ्या हनुवटीवर येतं. दोन-तीन सुती स्कार्फ ठेव आणि रोज बदल.

केसांना तेल लावतेस का? पत्रात नाही, पण कपाळावरच्या दाण्यांनी मला तो प्रश्न पडला. रविवारी रात्री खोबरेल चोपडून, घट्ट वेणी घालून झोपलेल्या मुलींच्या कपाळावर, केसांच्या रेषेलगत असेच दाणे येतात. खोबरेल केसांना चांगलं, कपाळाच्या छिद्रांना नाही. लावायचंच तर न्हायच्या आधी तासभर लाव, कपाळ पुसून घे आणि धुऊन टाक. रात्रभर नको.

लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा, दाणेदार स्क्रब, हे सगळं आता बंद. या जेलसोबत त्वचेचा वरचा थर आधीच नाजूक होतो, त्यावर लिंबू चोळलं तर भाजतं आणि आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर भाजल्याचा काळा डाग महिनोन्महिने राहतो. उटणं अंगाला लाव, चेहऱ्याला खसाखसा चोळू नकोस. दिवसा सनस्क्रीन मात्र हवंच, एसपीएफ ३० किंवा जास्त, जेलसारखं हलकं. ॲडापॅलीन लावणाऱ्या त्वचेला ऊन लवकर बाधतं.

जेलची ट्यूबही उन्हापासून जप. २०२४ साली अमेरिकेतल्या एका खासगी प्रयोगशाळेने दाखवलं की बेन्झॉइल पेरॉक्साइडची उत्पादनं तापली की त्यात बेन्झीन हे घातक रसायन तयार होऊ शकतं. तिथल्या सरकारी औषध प्रशासनाने मग ९५ उत्पादनं तपासली आणि मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष सांगितले. नव्वद टक्क्यांहून जास्त उत्पादनांत ते सापडलं नाही किंवा अगदी नगण्य निघालं, मोजकी काही बाजारातून परत घ्यायला लावली. घाबरून जावं असं यात काही नाही, पण मे महिन्यात अकोल्याला घरी गेलीस तर ट्यूब खिडकीत, गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नकोस. घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या कपाटात ठेव आणि मुदत संपली की टाकून दे.

आता तिसरी ट्यूब. मेडिकलवाल्याने तुला फसवलं असं मी म्हणणार नाही. या जेलांची नावं इतकी सारखी असतात, शेवटचं एखादं अक्षर तेवढं वेगळं, की चूक सहज होते. पण ‘तेच आहे’ हे खरं नाही. ॲडापॅलीन दोन्हींत आहे. दुसरं औषध वेगळं. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक. तेही जिवाणू मारतं, आग कमी करतं, आणि म्हणून लोकांना आवडतं. पण एकटं किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या सोबतीशिवाय महिनोन्महिने लावलं तर जिवाणू त्याला सरावतात, आणि मग ते तुझ्यावरच नाही, इतरांवरही चालेनासं होतं. म्हणूनच जगभरच्या त्वचातज्ज्ञांचा आग्रह असतो की लावायचं अँटिबायोटिक बेन्झॉइल पेरॉक्साइडसोबत वापरा आणि ठरावीक मुदतीपुरतंच वापरा. ती ट्यूब विष नाही, कधीकधी मीही देते, पण तुझ्या डॉक्टरांनी विचार करून जे निवडलं ते हे नव्हे. परत करून ये. मेडिकलवाल्याने परत घेतली नाही तर डॉक्टरांना विचार, काही जण ती रात्री आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड सकाळी असं बसवून देतात. पण आपल्या मनाने दोन्ही ट्यूब एकावर एक लावू नकोस. आणि यापुढे ट्यूबवरचं मोठं नाव नाही, त्याखालची बारीक अक्षरं वाचून पैसे दे.

मामेबहिणीचं बरोबर आहे, पण अर्धंच. अमेरिकेत २०१६ पासून ०.१ टक्के ॲडापॅलीनचं साधं जेल चिठ्ठीशिवाय मिळतं. पण त्यात बेन्झॉइल पेरॉक्साइड नसतं, म्हणजे ते तुझं जोडजेल नव्हे. आणि तीन औषधांचं जेल, म्हणजे क्लिंडामायसिन, ॲडापॅलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड एकत्र, हे तिथे ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालं, १२ वर्षांपुढच्यांसाठी, दिवसातून एकदा. त्याच्या चाचण्यांमध्ये १२ आठवड्यांनी जवळजवळ निम्म्या लोकांचा चेहरा साफ किंवा साफ म्हणावा इतपत झाला. औषध नसलेलं नुसतं जेल लावणाऱ्यांत हे प्रमाण पाव भागाच्या आसपास किंवा कमी होतं. मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्या कारणाने. इतकं नवं, तीन औषधांचं जेल, आणि तेही नेमाने लावून तीन महिन्यांनी निम्मी माणसं साफ झाली. उरलेली निम्मी? त्यांना आणखी वेळ लागतो किंवा सोबत पोटातून औषध लागतं. तू नऊ दिवसांत स्वतःला नापास केलंस, म्हणून सांगते. ती ट्यूब पार्सलने मागवू नकोस. तुझ्याकडे जे आहे त्यात तिघांपैकी दोघं आहेतच.

बारा आठवडे नीट लावून काही फरक नाही, गालात खोल दुखऱ्या गाठी येतात, खड्डे पडायला लागलेत, छाती-पाठीवरही पसरलंय, तर मात्र जेलवर विसंबून राहू नकोस. तेव्हा डॉक्टर सोबत डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक गोळी काही महिन्यांसाठी देतात, किंवा आयसोट्रेटिनॉइन या जास्त कडक, पोटातून घ्यायच्या औषधाचा विचार करतात. पाळी दोन-दोन महिने लांबते का, हनुवटीवर राठ केस येतात का, हेही त्यांना न लाजता सांग. तसं असेल तर मूळ हार्मोन्समध्ये असतं आणि उपचाराची दिशाच बदलते. आणि हे वाचणाऱ्या ज्या कुणी गरोदर आहेत किंवा बाळाचा विचार करत आहेत, त्यांनी ॲडापॅलीन, ट्रेटिनॉइन लावू नये. त्यांच्यासाठी ॲझेलेइक ॲसिडसारखं दुसरं औषध आहे, डॉक्टरांना विचारावं.

दादाच्या लग्नाचं. तीन महिने म्हणजे बारा-तेरा आठवडे. आठ दिवस विश्रांती धरूनही तुझ्या हातात अकरा-बारा आठवडे आहेत, नव्या पुळ्या बऱ्याच कमी झालेल्या दिसायला तेवढे पुरतात. डाग मात्र पूर्ण गेलेले नसतील. पुळी बसली की मागे राहणारा तो काळपट ठिपका जायला काही महिने लागतात, आणि तू जेल व सनस्क्रीन चालू ठेवलंस की तो फिका होत जातो. नखाने पुळी फोडलीस तर तो ठिपका कदाचित खड्डा होऊन राहील, आणि खड्डा कुठल्याही जेलने भरत नाही. पार्लरमध्ये चेहऱ्याला वॅक्स करू देऊ नकोस, या जेलने सैल झालेली कातडी पट्टीसोबत निघून येते. थ्रेडिंग करायचं तर पाच-सात दिवस आधी जेल थांबव. लग्नाच्या आदल्या आठवड्यात कुणी नवं फेशियल किंवा ब्लीच सुचवलं तर हात जोडून नाही म्हण. मेकअप कर, खुशाल कर, रात्री कितीही दमलीस तरी तो उतरवून झोप.

जन्मभर? नाही. पण चेहरा साफ झाला त्याच दिवशी ट्यूब टाकूनही द्यायची नाही, कारण आतली बुचं बसणं काही थांबलेलं नसतं. मग डॉक्टर बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीन रात्री किंवा नुसतं ॲडापॅलीन यावर आणतात आणि काही महिने, कधी वर्ष-दीड वर्ष तसंच ठेवतात. दात घासण्याइतकं अंगवळणी पडतं ते.

आणि आता दुसरी ट्यूब. ती मी शेवटी ठेवली, कारण तुझ्यापेक्षा तिथे मला दुसऱ्या एका मुलीची काळजी वाटते.

मोमेटासोन हे स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन हे डाग फिके करणारं औषध. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन हे तिघं एकत्र आम्ही वांगासाठी, काही आठवड्यांपुरतं, डोळ्यांसमोर ठेवून देतो. पिंपल्ससाठी नाही आणि गोरं व्हायला तर कधीच नाही. स्टेरॉइड लाली आणि सूज दाबतं, म्हणून चार दिवसांत तुझा चेहरा गुळगुळीत झाला. पण बूच तसंच होतं, तेल तसंच होतं, जिवाणू तसाच होता. निखाऱ्यावर राख पडली होती. तू थांबवलंस आणि राख उडाली. बारा दिवसच लावलंस म्हणून सुटलीस. ही नवी फुणगी काही आठवड्यांत उतरेल, तेवढ्यात घाबरून परत त्या क्रीमकडे वळू नकोस. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ती मिळतात, मैत्रिणीच्या ड्रॉवरमधून तर फारच सहज मिळतात.

तुझ्या रूममेटचा चेहरा ‘छान’ आहे असं तू लिहिलंस आणि पुढच्याच शब्दांत उन्हात लालबुंद होते म्हणालीस. ते लाल होणं म्हणजे त्वचा पातळ झाल्याची खूण. तिच्या गालांवर बारीक लाल शिरा दिसतात का, लव वाढली आहे का, एक दिवस क्रीम चुकलं तर तिचा चेहरा जळजळतो का, हे तिला हळूच विचार. पण ‘आजच फेकून दे’ असं तिला सांगू नकोस. वर्षभर रोज लावलेलं स्टेरॉइड एका रात्रीत तोडलं तर चेहरा पेटतो, सुजतो, पुळ्यांनी भरतो. ते सहन न होऊन माणूस पुन्हा तीच ट्यूब विकत आणतं, आणि मग सुटका आणखी लांबते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने सोडवावं लागतं, काही महिने लागतात, पण बहुतेकांची त्वचा बरीच सावरते. माझ्याकडच्या त्या मुलीचीही सावरली, दीड वर्षाने.

तिने तुला क्रीम दिलं ते मायेनेच. तिला कुणी सांगितलंच नसेल त्यात काय आहे ते. तुझी डॉक्टरांकडची तारीख घेशील तेव्हा तिचंही नाव लिही. तुझी जेलची ट्यूब आणि तिची क्रीमची ट्यूब एकाच पिशवीत टाका, आणि दोघी बरोबर जा.